एका विहिरीसाठी तीन विमानतिकिटं

लग्नकार्यात माझी ओळख करून देताना कुणी "हे बँकेत होते" म्हणालं, की मी अजूनही दुरुस्ती करतो. बँकेतला माणूस टेबलामागे बसतो आणि लोक त्याच्याकडे येतात. मी स्कूटरवरून लोकांकडे जायचो आणि बरेचसे लोक मला बघून आत जायचे. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एका बँकेची क्रेडिट कार्डं मी बारामती आणि इंदापूर तालुक्यांत खपवत होतो. पाच वर्षं हे काम करून मी शाबूत राहिलो, यातच काय ते समजा.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा दुकानातलं कार्डाचं यंत्र विजेवर चालत नसे. लोखंडी पट्टीवर कार्ड ठेवायचं, त्यावर कार्बनची तीन पानी पावती ठेवायची आणि मूठ धरून वरचा दांडा इकडून तिकडे सरकवायचा. खर्र-खट्ट. कार्डावरचे उठावाचे आकडे पावतीवर उमटायचे. एक पान गिऱ्हाइकाला, एक दुकानदाराला, एक बँकेला. रक्कम मोठी असली तर दुकानदाराने आधी मुंबईला फोन लावून परवानगीचा नंबर घ्यायचा. भिगवणला या यंत्राचं नाव पहिल्याच दिवशी 'इस्त्री' पडलं, आणि मग मीही तेच म्हणू लागलो.

आता गावाकडच्या माणसाने कार्ड घ्यावं तरी कशासाठी? उधारी त्याला नवी नव्हती. दुकानदार ती तोंडओळखीवर द्यायचा आणि वर चहा पाजायचा. माझ्याकडे फॉर्म होता, त्याला चार ठिकाणी सह्या. म्हणून मी बॅगेतून एक चकचकीत पत्रक काढायचो. त्यावर ढगांतून जाणारं विमान होतं. कार्डावर खर्च करा, दर शंभर रुपयांमागे एक पॉइंट मिळेल, पॉइंट साठले की विमानाचं तिकीट फुकट. लोक पत्रक उलटंसुलटं करून बघायचे आणि हमखास विचारायचे, "सायेब, तुमी बसलाय का?"

"कितीदा तरी," मी म्हणायचो. खरं तर विमान मी पुण्यात लोहगाव विमानतळाच्या रस्त्याने जाताना डोक्यावर पाहिलं होतं, तेवढंच. त्या थापेचं पुढे काय झालं, तीच ही हकीकत आहे.

सुरुवातीची गिऱ्हाइकं म्हणजे लोणी देवकरच्या कारखान्यांतले इंजिनिअर. ते फॉर्मच्या मागची बारीक अक्षरं वाचायचे, व्याजाचा दर विचारायचे, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. इंदापूरचे एक भांड्यांचे व्यापारी मात्र लक्षात राहिले. त्यांनी खंडेनवमीला तराजू, कात्री, हातोडी यांच्या पंगतीत इस्त्रीही मांडली. तिला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ फोडला, नारळाचं पाणी आत गेलं. पुढे दीड महिना त्यांच्या पावत्या गुलाबी येत होत्या. मुंबईहून विचारणा झाली की सदर लाल पदार्थ बँकेने पुरवलेला आहे काय. मी कळवलं की नाही, तो दुकानदाराने स्वखर्चाने वापरला आहे. त्यावर प्रकरण मिटलं.

पण माझी खरी परीक्षा भिगवणला झाली. तिथे हायवेच्या एका बाजूला किसनतात्यांची खानावळ होती. उजनी धरणाच्या पाण्यातल्या चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी, एवढ्यावर ती दिवसभर भरलेली असायची. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोर, ज्ञानदेव आबांचं सिमेंट, पाइप आणि पंपांचं दुकान. आबा आणि तात्या सख्खे भाऊ. आबा साठीचे, तात्या त्यांच्याहून सहा वर्षांनी लहान. दोघांच्या मधून दिवसाला हजारभर ट्रक जात असतील, पण शब्द एकही जात नव्हता. अठरा वर्षं.

कारण होतं एक विहीर. यांचे वाडवडील मेंढरं राखणारे. वडिलांनी भीमेच्या काठाला जमीन केली, विहीर खणली आणि मरण्याआधी दोघांची वाटणी करून दिली. बांध विहिरीला खेटून जात होता. विहीर कुणाच्या बाजूला, यावरून दोघांत वाद सुरू झाला. आबांनी तात्यांना भर चावडीत "बांधाचा धोंडा सरकवणारा चोर" म्हटलं. तो निवाडा व्हायच्या आत धरणाचं पाणी आलं आणि जमीन, बांध, धोंडा, विहीर सगळं पाण्याखाली गेलं. विहिरीचा मोबदला सरकारने दोघांना निम्मा-निम्मा दिला, तोही खर्च होऊन गेला. राहिला फक्त तो 'चोर' शब्द. उन्हाळ्यात पाणी हटलं की बाकीच्यांची जुनी शेतं उघडी पडायची. यांचं शेत नदीच्या जुन्या पात्राजवळ होतं, ते कधीच वर आलं नाही.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दोन्हीकडे मी इस्त्री बसवली होती आणि महिनाअखेरीला तात्यांच्या टेबलावर पत्रक पसरून बसलो होतो.

"सायेब, ह्ये इमान हैदराबादला जातंय का?" तात्यांनी विचारलं.

"मुंबईहून जातं."

"मग आपल्या धरणावरनंच जात आसंल."

नकाशावर रेघ मारली तर जात होतं खरं. मी मान हलवली.

"मग वरनं आमची हीर दिसंल?"

"पाण्याखालची?"

तात्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं समजावलं. "हिरीच्या काठावर लांब बसून तळ दिसतू का? न्हाय दिसत. नीट वर येऊन वाकून बगाय लागतंय. मी बोटीतनं धा येळा बगितलं, नुसता गाळ. पर बोट म्हंजी काठावर बसल्यागतच की वो. लई उंचावनं बगितलं पायजे."

फॉर्मवर तीन सह्या झाल्या होत्या, चौथी बाकी होती. "दिसेल की," मी म्हणालो. "मला तर जुन्या रस्त्याची रेघसुद्धा दिसली होती."

तात्यांनी चौथी सही केली. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा मात्र मी शीळ घालत बारामतीला गेलो.

दुसऱ्या दिवशी आबांनी मला रस्त्यातच अडवलं. "त्याला इमानात बशिवणार म्हनं तुमी? त्यो एकटा वरनं बगून येनार, आन गावाला सांगनार हीर माजी म्हनून. मग आमी काय करायचं? मला बी द्या त्ये कार्ड. आन माजं इमान त्याच्या आदी उडालं पायजे."

अशी ती शर्यत लागली. आता आमच्या धंद्यातला एक नियम सांगायला हवा. आपलं कार्ड आपल्याच दुकानातल्या यंत्रावर घासायला बंदी असते, नाहीतर माणूस घरबसल्या पॉइंट पिकवील. आणि भिगवणात तेव्हा इस्त्र्या होत्या दोनच. म्हणजे तात्यांना पॉइंट हवे असतील तर आबांच्या दुकानात जाणं आलं, आणि आबांना हवे असतील तर तात्यांच्या खानावळीत. अठरा वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे दोघे महिन्याभरात एकमेकांची सगळ्यांत मोठी गिऱ्हाइकं झाले.

त्यातच दुकानदाराला प्रत्येक पावतीमागे बँकेला थोडं कमिशन द्यावं लागे. हे कळल्यावर दोघांनाही दुप्पट हुरूप आला. आपण खर्च करतोय आणि भुर्दंड भावाला बसतोय, या आनंदात तात्यांनी आधी खानावळीला कंपाउंड घातलं. मग पाण्याची टाकी बांधली. टाकी मोठी झाली म्हणून तिच्याशेजारी लहान टाकी बांधली. शेवटी सिमेंटचा जिना चढवला. वरचा मजला नव्हता. जिना वर जाऊन आकाशात संपायचा.

"तात्या, हा जिना कुठे जातो?" मी विचारलं.

"हैदराबादला," तात्या म्हणाले.

आबांची अडचण वेगळी होती. भावाच्या घरचं अन्न खाणार नाही, अशी त्यांची शपथ होती. ते हमाल घेऊन यायचे, ट्रकचालक घेऊन यायचे, एकदा तर ओळख ना पाळख, अशा लग्नाच्या वऱ्हाडाची बसच अडवून सगळ्यांना जेवायला घातलं. स्वतः बाहेर खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसायचे. शेवटी पावती करायला गल्ल्यापाशी यायचे. तेव्हा बोलणं माझ्यामार्फत.

"त्याला सांगा, सही वाकडी झाली," तात्या म्हणायचे.

"त्याला सांगा, सही माजी हाय, कशीबी करीन," आबा म्हणायचे. दोघांत अंतर दोन हातांचं असायचं. मी नसलो तर ते हे निरोप इस्त्रीकडे बघून द्यायचे, असं वाढप्यांनी मला सांगितलं.

या दोघांना एक थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेल्यावर दोघांना तिनेच वाढवलं. ती बारामतीजवळच्या पणदऱ्याला दिली होती, सत्तरी ओलांडलेली, अंगाने काडी आणि जिभेने करवत. तात्यांनी एकदा माझ्याबरोबर तिच्यासाठी सुकी मासळी पाठवली, तेव्हापासून पणदऱ्यावरून जाताना मी तिच्याकडे थांबायचो. ती मला पहिल्या दिवसापासून अरेतुरे करायची, आणि मला ते फार आवडायचं. आधीच्या दिवाळीत काय झालं ते तिनेच सांगितलं. दर भाऊबिजेला ती आधी आबांना ओवाळायची, मग तेच तबक पदराखाली झाकून हायवे ओलांडायची आणि तात्यांना ओवाळायची. अठरा वर्षं असं चाललं. गेल्या खेपेला ट्रक इतका जवळून गेला की निरांजन विझलं.

"तवा मी दोगांस्नी सांगून टाकलं," आक्का म्हणाली. "मी ट्रकखाली गेल्यावर एकाच तिरडीला खांदा द्यायचाच हाय तुमाला. त्यापरीस जित्ती हाय तवर एका पाटावर बसा. येत्या भाऊबिजेला हितं माज्या घरी या, दोगं संगं. न्हाय आलात तर ह्यापुढं मला भाऊ न्हाईत."

"काय म्हणाले?"

"दोगंबी म्हनले, आदी हिरीचा निकाल लागू दे."

निकाल माझ्या पत्रकावरच्या विमानावर अवलंबून होता, आणि मी कशाच्या जोरावर "दिसेल की" म्हणालो होतो ते मलाच माहीत होतं.

फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. एका दुपारी आबांना पावतीसाठी माणसं मिळेनात. वऱ्हाड नाही, हमाल नाहीत. ते बराच वेळ खुर्चीत बसले, मग उठून आत आले आणि मला म्हणाले, "तुमी जेवा माज्या कार्डावर." मी दोन ताटं सांगितली. दुसरं ताट त्यांच्यासमोर आलं. त्यांनी भाकरी मोडली, कालवणात बुडवली, तोंडात घातली आणि थांबले.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "आईच्या कालवणात चिच जास्त असायची."

मी गल्ल्याकडे वळलो. तात्या इस्त्रीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. "त्याला सांगा," ते म्हणाले, "आता चिच म्हाग झालीया."

दुसऱ्या दिवशी कालवण आंबट होतं. आबा रोज जेवायला लागले. पण निरोप माझ्यामार्फतच जात राहिले.

एप्रिलमध्ये दोघांचे पॉइंट चार दिवसांच्या अंतराने पुरे झाले. आबा आधी. पण फुकटच्या तिकिटांना जागा मोजक्या असतात. मुंबईला बँकेतल्या बाईंनी फोनवर सांगितलं की मे महिन्यात एकच तारीख आहे, आणि दोन तिकिटं एकाच अर्जावर घेतली तर योजनेत घरच्या माणसाला तिसरं तिकीट मोफत. हे मी आक्काला सांगितलं. तिने तिथल्या तिथे ठरवलं. "मी बी येनार. दोगांच्या मदी बसनार. दोगंबी येऊन आपापलं सांगत्याल, साक्षीदार नको व्हय?"

एक अर्ज, दोन सह्या. आबा खानावळीत सही करणार नाहीत, तात्या दुकानात करणार नाहीत. शेवटी भिगवणच्या एसटी स्टँडवर, बाकड्याच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, मध्ये मी, असा तो अर्ज भरला गेला. वर कोणाचं नाव लिहायचं यावर अर्धा तास गेला. मग सगळ्यांत वर आक्काचं लिहिलं.

तिघं मुंबईला गेले त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते परत आले आणि भिगवणात एकच गर्दी झाली. आबांनी दुकानासमोर उभं राहून सांगितलं, "लख्ख दिसली. हीर माज्या बाजूला." तात्यांनी खानावळीच्या जिन्यावर चार पायऱ्या चढून सांगितलं, "धोंडासुदीक दिसला. हीर माज्या बाजूला." दोघांचे आवाज हायवेच्या मधोमध एकमेकांना धडकत होते. मी स्कूटर वळवली आणि थेट पणदरे गाठलं.

आक्का पाय चेपत बसली होती. मला बघून हसायला लागली ती थांबेना.

"दोगंबी खोटं बोलत्यात," ती म्हणाली. "इमान जमिनीवरनं उचाललं आन दोगांनी डोळं गच्च मिटलं. थोरल्यानं माजा ह्यो हात धरला, धाकट्यानं ह्यो. आसं आवळलं, बांगडी पिचली बग. मग मी काय केलं, हळूच थोरल्याचा हात धाकट्याच्या हातात दिला आन माजं दोनी हात काडून घेतलं."

"मग?"

"मग काय. हैदराबाद येस्तवर एकमेकांचा हात धरून बसलं दोगं, डोळं मिटून. एकाला वाटतंय आक्काचा हात, दुसऱ्यालाबी वाटतंय आक्काचाच. येताना बी तेच. मदी ती पोरगी च्या घिऊन आली, तवा तेवढा सोडला." तिने डोळे पुसले. हसून पुसले की कसे, ते मी विचारलं नाही.

भाऊबिजेला तिने मलाही बोलावलं. "तूच लावलंस ह्ये, तूच बगाय पायजेस," म्हणाली. मी सकाळपासून तिच्या ओट्यावर बसून होतो. दहाला आबा आले, एकटे. अकराला तात्या आले, एकटे. दोघे दोन खांबांना टेकून उभे राहिले. आत एकच पाट मांडला होता, तोही अरुंद, एका माणसापुरता.

"हिरीचं आदी कबूल करू दे त्याला," आबा म्हणाले.

"त्याला सांगा, चोर म्हनलेलं आदी माघारी घे," तात्या मला म्हणाले.

आक्का तबक घेऊन बाहेर आली. "इमानात मदी कोन बसलं हुतं?" तिने विचारलं. आणि तिनेच सांगितलं, "मी बसले हुते. कुणी काय बगितलं, कुणाचं डोळं उगडं हुतं, कुणाचा हात कुणाच्या हातात हुता, सांगू का आता समद्यांम्होरं? भिगवणात जाऊन चौकात सांगू?"

दोघांचे चेहरे एकदमच पडले. आबांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी आबांकडे. अठरा वर्षांत पहिल्यांदा सरळ पाहिलं असेल. मग आबा पुटपुटले, "पाट बारीक हाय."

"मागं धर मला, पडशील," तात्या म्हणाले. मला नाही, आबांना म्हणाले.

दोघे बसले. निम्मा निम्मा पाट. एकमेकांच्या कमरेला धरल्याशिवाय बसताच येत नव्हतं. आक्काने दोघांना एकाच फेऱ्यात ओवाळलं, आणि मला भरून आलं, ते लपवायचं कारण नाही.

जेवणं झाल्यावर तिला एकटीला गाठून मी विचारलं, "आक्का, तू खिडकीतून पाहिलंस ना? विहीर नक्की कुणाच्या बाजूला आहे?"

"मदी बसल्यावर काय दिसतंय रं?" ती म्हणाली. "खिडकीत थोरल्याचं फेट्याचं डोस्कं. मला इमानाची शेपटीबी दिसली न्हाय. आन तुला तर रस्त्याची रेघ दिसली हुती म्हनं?"

"आक्का, मी अजून विमानात बसलेलोच नाही."

तिने कपाळावर हात मारला. मग हाताला धरून मला आत नेलं आणि त्या पाटावर बसवलं. "बस. समदी एकाच माळंचं मनी," म्हणाली. निरांजन पुन्हा लावलं. तिने मला ओवाळलं, तबक पुढे धरलं आणि मी खिशात हात घातला. खिशात कार्ड होतं. वरच्या खिशात पाहिलं, तिथे पावत्यांचं पुस्तक होतं. रोकड म्हणून एक रुपया नव्हता. पाच वर्षं मी लोकांना सांगत होतो की आता खिशात पैसे बाळगायची गरज नाही, आणि तसं वागणारा तालुक्यात मी एकटाच निघालो.

"कार्डवाल्याकडं रोकड न्हाय!" दोघे भाऊ एकदम ओरडले. दोघांनी एकदमच खिशात हात घातले आणि दोन बाजूंनी दोन नोटा तबकात पडल्या.

"मी आदी टाकली," आबा म्हणाले.

"खोटं बोलू नगंस आबा, माजी आदी पडली!"

"तुजी? डोळं उगडं हुतं का तुजं?"

"आन तुजं?"

मी मध्ये पडायला उठलो, तसं आक्काने मला दंडाला धरून परत पाटावर बसवलं. "भांडू दे," ती म्हणाली. "अठरा वर्सांचं साचलंय."